विश्लेषण : गाडीतून येणारी कटकट नेमकी कुठली? घरी काय तपासता येतं आणि कुठे थांबायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर एकच, १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी भाग कोणत्या वर्गात मोडतो यावर कर ठरायचा, काहींवर २८ टक्के तर काहींवर १८. ज्या भागाची मूळ किंमत १,००० रुपये आणि कर २८ टक्के होता, तो १,२८० रुपयांवरून १,१८० रुपयांवर आला. शंभर रुपये वाचले, हे खरंच. पण गॅरेजच्या बिलात मोठी रक्कम जाते ती चुकीचा भाग बदलण्यात. चाकाचं बेअरिंग गेलेलं असताना टायर बदलले जातात, एक कडी जाम झालेली असताना क्लच प्लेट बदलल्या जातात आणि आवाज तसाच राहतो. हा खर्च कुठल्याही करकपातीने कमी होत नाही. तो कमी होतो आवाज कुठून येतोय हे आधी कळलं तर.

नवी मुंबईच्या टोकाला असलेल्या तळोज्यात हा प्रश्न रोजचा आहे.

तळोज्यात गाड्या लवकर का वाजू लागतात?

बेलापूर ते पेंधर ही ११.१ किलोमीटरची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तळोजा वसाहत रुळांनी बेलापूरला जोडली गेली. तरीही औद्योगिक वसाहतीतले कारखाने पाळ्यांमध्ये चालतात, मेट्रो रात्रभर चालत नाही आणि पेंधर स्थानकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचं अंतर उरतंच. ते अंतर बहुतेक जण दुचाकीवर कापतात.

या वाटेवर गाडीची साखळी, बेल्ट आणि बेअरिंग यांचे सगळे शत्रू एकत्र भेटतात. मुंब्रा-पनवेल महामार्गावर कंटेनर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणारे ट्रेलर. त्यांच्या चाकांमागची बारीक धूळ. कडेचे खड्डे. पावसाळ्यात भुयारी मार्गात साचणारं पाणी. त्यात खाडीजवळची दमट हवा. वंगणावर बसलेली धूळ ओली झाली की तिची लापशी होते आणि ती लापशी लोखंड घासून काढते. मग एक दिवस गाडी वाजू लागते.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवणारी जी सगळी मंडळी असतात, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, चेन किंवा बेल्ट, ॲक्सल, डिफरन्शियल आणि चाकाची बेअरिंग, त्यांना मिळून ड्राइव्हट्रेन म्हणतात. इथला बिघाड पुढे गेला तर तो फक्त खर्चाचा विषय राहत नाही. सैल चेन धावत्या बाइकवर उतरून मागच्या चाकात अडकली तर चाक जागीच थांबतं. मागून ट्रेलर येत असताना हे झालं तर काय, हे या रस्त्यावरच्या कुणालाही वेगळं सांगावं लागणार नाही.

आवाज कसा आहे, यापेक्षा कधी येतो हे महत्त्वाचं

आवाजाचं वर्णन करताना माणसं गोंधळतात. एकाची कटकट ती दुसऱ्याची टकटक. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला तरी फारसा फायदा होत नाही, कारण फोनचा माइक माणसाचं बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. बेअरिंगची खोल घुरघुर त्यात नीट उतरत नाही आणि वाऱ्याचा आवाज सगळ्यावर बसतो. मेकॅनिकला उपयोगी पडते ती वेगळी माहिती : आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर?

हे शोधणं सोपं आहे. उभ्या गाडीवर, न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर थोडा वाढवला आणि आवाज वाढला तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या भागात. उभ्या गाडीवर आवाज नाही पण चालताना आहे, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास काही क्षण क्लच दाबून पाहायचा. इंजिनाच्या फेऱ्या खाली आल्या, तरी आवाज आहे तसाच राहिला, तर तो चाकाकडचा. चेन, बेअरिंग, ब्रेक किंवा टायर, यांपैकी एक. हा प्रयोग महामार्गावर करायचा नाही. रविवारी दुपारी वसाहतीच्या आतला रिकामा रस्ता पुरतो.

पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात. ॲक्सिलरेटर दिल्यावर येतो की सोडल्यावर? वळताना येतो का, आणि कोणत्या बाजूला? पहिल्या पाच मिनिटांत येतो की गाडी तापल्यावर? पावसात भिजल्यानंतर सुरू झाला का? चार दिवस ही उत्तरं वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवली, की अर्धं निदान झालेलं असतं.

बाइक : खडूची एक खूण पुरते

बाइकची तपासणी घरी सगळ्यात चांगली करता येते. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल, किल्ली काढून खिशात. आता मागचं चाक हाताने हळू फिरवायचं.

समजा टक् असा आवाज ठरावीक अंतराने येतोय. टायरवर आणि चेनच्या एका कडीवर खडूने खूण करायची. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते आणि चेनमध्ये १०८ कड्या असतील, तर चेन एकदा पूर्ण फिरायला चाकाच्या साधारण अडीच फेऱ्या लागतात. म्हणून चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा टक् झालं तर दोष चाक, स्प्रॉकेट, ब्रेक ड्रम किंवा टायरमध्ये. अडीच फेऱ्यांनी झालं तर चेनची एखादी कडी जाम आहे. खडूची खूण कुठे आली की टक् होतं, हे पाहिलं की ती कडीही सापडते. स्प्रॉकेटवरून सुटतानाही ती वाकलेलीच राहते.

मग चेनचा ढिलेपणा. दोन स्प्रॉकेटच्या मध्यावर, खालच्या बाजूची चेन बोटाने वर-खाली हलवून पट्टीने मोजायची. रोजच्या वापरातल्या अनेक बाइकना साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेन गार्डजवळच्या स्टिकरवर मिळतो. एकाच जागी मोजून भागत नाही. चाक फिरवून चार जागी मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल निघाली तर ती संपत आली आहे, कितीही ताणली तरी वाजणारच.

दुसरी खूण स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला मिळते. तिथे चेन बोटांनी मागे ओढली आणि दात निम्म्याहून जास्त उघडा पडला, किंवा दात समुद्राच्या लाटेसारखे एका बाजूला झुकलेले दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायचे. नुसती चेन बदलून पैसे वाचवले तर जुने दात नवी चेन खातात.

आपल्याकडच्या अनेक बाइकची चेन पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पूर्ण झाकणात असते. धूळ कमी लागते हा फायदा, पण चेन दिसत नाही म्हणून तिच्याकडे बघितलंही जात नाही. अशा गाडीत खडखडाट सुरू झाला की बहुतेक वेळा सैल चेन झाकणावर आपटत असते. झाकणाला रबरी बूच असतं, ते काढून खेळ तपासता येतो.

उलटी चूकही तितकीच होते. वाजतेय म्हणून चेन घट्ट आवळली जाते. आवाज थांबतो, दोन आठवड्यांनी बारीक कण्हल्यासारखा सूर सुरू होतो. तो गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. मागची सीट भरली की मागचं चाक वर जातं आणि चेन आणखी ताणली जाते, त्यासाठी तो २५-३० मिलिमीटरचा खेळ ठेवलेला असतो.

धुण्यासाठी रॉकेल आणि मऊ ब्रश, पुसून कोरडी झाल्यावर गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, तोही चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाक फिरताना तो बाहेरच्या दिशेने झिरपतो. रबरी ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये. रील्समध्ये सगळ्या रोगांवर सुचवला जाणारा डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला द्रव आहे, नावातली दोन अक्षरं त्याचीच. भिजलेली चेन कोरडी करायला तो बरा, पण वंगण म्हणून त्यावर महिना काढता येत नाही.

आणि एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कापड लावण्याची पद्धत गल्लोगल्ली दिसते. कापड आधी जातं, मग बोट. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये सापडलेलं बोट वाचवायला इंजिन बंद करण्याइतकाही वेळ मिळत नाही. चाक हातानेच फिरवायचं.

स्कूटर : भुयारी मार्गातून बाहेर पडल्यावर

स्कूटरला चेन नसते. डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली रबरी बेल्ट दोन पुलींवर फिरतो आणि वेगानुसार पुलींचा व्यास बदलत राहतो. हा भाग तापतो म्हणून पंखा बाहेरची हवा आत ओढतो. पाणी आणि धूळ शिरायची वाट तीच.

साचलेल्या पाण्यातून गेल्यावर इंजिन जोरात फिरतंय पण स्कूटर पुढे सरकत नाही, असं झालं तर बेल्ट ओला होऊन घसरतोय. जोर देऊन तो सुकवायचा प्रयत्न केला तर बेल्ट आणि क्लचचे शू दोन्ही जळतात. थांबून, बंद करून, पाणी निथळू द्यायचं. कोरड्या दिवशीही सुटताना कर्र असा कंप येत असेल तर मागच्या क्लचच्या घंटेत धूळ साठलेली असते. ठरावीक वेगाला खडखड येत असेल तर पुढच्या पुलीतले गोल रोलर एका बाजूने चपटे झालेले असतात. वेगाबरोबर चढत जाणारा शिट्टीसारखा सूर आला तर शेवटच्या गिअरच्या डब्यातलं ऑइल पाहायचं. ते इंजिन ऑइलपेक्षा वेगळं असतं, जेमतेम १०० ते १२० मिलिलिटर लागतं आणि म्हणूनच अनेकदा बदलायचं राहून जातं. ते बदलणं घरी जमणारं काम आहे.

बेल्टचं झाकण उघडून धूळ साफ करणंही जमतं, तोंडावर मास्क लावून. पुलीचा नट काढणं मात्र वेगळं. त्याला पुली धरून ठेवणारं खास हत्यार लागतं. स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवण्याच्या नादात पंख्याची पाती तुटतात आणि काही शे रुपयांचं काम हजारांत जातं.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरना यातलं बरंच काही नसतं. काहींची मोटर थेट चाकात असते, काहींमध्ये बेल्ट असतो. इंजिनाचा गोंगाट नसल्यामुळे तिथे बेअरिंगची बारीक कुरकुरही ऐकू येते, त्यामुळे आवाज आला म्हणजे नवा बिघाड झाला असं लगेच समजण्याचं कारण नाही.

कार आणि टेम्पो : काय ओळखायचं, काय सोडायचं?

कारच्या बाबतीत घरी निदान बरंच होतं, दुरुस्ती थोडीच.

रिकाम्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवताना कट-कट-कट असा आवाज आला, तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजलाय. त्याची पूर्वसूचना खूप आधी मिळते. जॉइंटवरचं रबरी घडीचं आवरण फाटतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. त्या टप्प्यावर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. शिंतोडे धुऊन टाकले आणि विसरून गेलं, तर वर्षभरात पूर्ण ॲक्सल.

वेगाबरोबर वाढणारी घूं अशी घुरघुर बेअरिंगची असू शकते किंवा टायरचीही. फरक वळणावर कळतो. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. उजवीकडे वळताना घुरघुर वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर डाव्या बेअरिंगवर संशय. वळणाचा काहीच परिणाम होत नसेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहायचे. आवाज जागा बदलतो का? बदलला तर तो टायरचा, आणि बेअरिंगचे पैसे वाचले.

क्लचची चाचणी तर उभ्या गाडीवर होते. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू असताना घरघर येतेय आणि क्लच दाबल्यावर थांबतेय, तर गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच सुरू होतेय, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणूनच मेकॅनिकने एक काढताना दुसरंही पाहावं, असं आधीच सांगून ठेवणं शहाणपणाचं.

तळोज्यात माल पोचवणारे छोटे टेम्पो आणि पिकअप मागच्या चाकांवर चालतात. त्यांच्या पोटाखालून लांब शाफ्ट जातो. गिअर टाकून क्लच सोडताना टण् असा धातूचा आवाज आला तर त्या शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो. अनेक गाड्यांत त्याला ग्रीस भरायचं छोटं निपल असतं. सर्व्हिसिंगमध्ये तिथे ग्रीसगन लागली का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. ॲक्सिलरेटर देताना एक सूर आणि सोडताना दुसरा सूर मागून येत असेल, तर डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन बोलताहेत. त्याला घरी हात लावायचा नाही.

गाडीसोबत येणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. फक्त त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. स्टँड लावल्याशिवाय, सपाट काँक्रीटवर नसताना आणि उरलेली चाकं अडवलेली नसताना खाली जायचं नाही. बेअरिंग बदलायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खळगे पाडून घेतं आणि काही दिवसांतच पुन्हा घुरघुरतं. कारखान्यांच्या देखभाल विभागात काम करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. यंत्राच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक आणि मुठीला कान लावून आवाज ऐकण्याची तिथली जुनी रीत कारच्या इंजिनाभोवतीही चालते, फक्त फिरणारा बेल्ट आणि पंख्यापासून दूर राहून.

बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी जाते का?

अनेक जण आवाज ऐकूनही गप्प बसतात त्यामागे ही भीती असते. याचं उत्तर बारा वर्षांपूर्वीच्या एका आदेशात आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या मूळ सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात उपलब्ध करा, असंही सांगितलं. आणि ग्राहकासाठी सगळ्यात महत्त्वाचं : गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरती गोष्ट वेगळी.

कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सानबाबत आयोगाचे निष्कर्ष कायम ठेवले, दंड मात्र बराच कमी केला. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. वाहनं हे त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक. वेगळा कायदा मात्र झालेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच वाहनांसाठी असा कायदा केला आणि २०२० मध्ये मतदारांनी त्यात गाडीतून थेट कंपनीकडे जाणाऱ्या डेटाचाही समावेश केला. नव्या गाड्यांत बिघाडाची अर्धी माहिती संगणकात असते, तेव्हा कान आणि खडू यांना मर्यादा येतात, हे तिथे आधी लक्षात आलं.

व्यवहारात उपयोगी पडतो तो कागद. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणता भाग बदलला याचं बिल. बदललेला जुना भाग परत मागणं. तो हातात घेऊन फिरवला की बेअरिंग खरंच गेलं होतं का, हे कळतं. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे 'गाडी वाजत होती' यापेक्षा 'उजव्या वळणावर, ४०च्या वर, डावीकडून घुरघुर, दुरुस्तीनंतरही कायम' ही नोंद जास्त टिकते.

काढलेलं ऑइल कुठे टाकायचं?

घरच्या दुरुस्तीत हा प्रश्न शेवटी उरतो आणि तळोज्यात तो टाळता येण्यासारखा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये इथली भटकी कुत्री निळी दिसू लागली तेव्हा देशभर बातमी झाली. एका कारखान्याचा रंग उघड्यावर गेला होता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद केला. कासाडी नदीच्या प्रदूषणाची तक्रार त्याआधीपासूनची. सोसायटीच्या गटारात ओतलेलं १०० मिलिलिटर गिअर ऑइल आणि चेन धुतलेलं रॉकेलही याच खोऱ्यात उतरतं.

वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकण्यात आली आहे. घरी करायचं ते एवढंच : नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये जुनं ऑइल भरायचं, वर तारीख लिहायची आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजमधल्या ड्रममध्ये ओतायला द्यायचं. चेन धुतलेलं रॉकेल त्यात मिसळायचं नाही, ते वेगळ्या बाटलीत. फेकलेल्या बाटलीचं झाकण घट्ट आहे का, तेही बघून.